घोट्यातले आटे

शिरोली एमआयडीसीत माझा लेथचा छोटा कारखाना आहे. तीस वर्षं आटे पाडतोय. तीन वर्षांपूर्वी जुलैत, भर पावसात, कारखान्याच्या दारातच मोटारसायकल घसरली आणि उजवा पाय गाडीखाली पिरगाळला. एक्स-रेत घोटा दोन्ही बाजूंनी मोडलेला दिसला. ‘काका, नुसत्या प्लास्टरनं भागणार नाही. बाहेरच्या हाडाला प्लेट आणि आतल्या घोट्यात दोन स्क्रू,’ डॉक्टर म्हणाले. स्क्रू हा शब्द दिवसातून शंभर वेळा माझ्या तोंडी असतो. तो आपल्या हाडात बसणार म्हटल्यावर घशाला कोरड पडली.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. समोर हिरवा पडदा. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. ड्रिल सुरू झालं. आधी कडक माल कापताना येतो तसा चढा आवाज, मग एकदम मऊ, पुन्हा कडक, आणि आरपार गेल्यावर मोकळा. हाडाची अलीकडची भिंत, आतला पोकळ भाग, पलीकडची भिंत. डोळे मिटूनही भोक कुठवर गेलं ते मला कळत होतं.

ड्रिलवर सिस्टर सलाइन सोडत होत्या. आम्ही कूलंट सोडतो ते ड्रिल जळू नये म्हणून. इथे हाड जळू नये म्हणून. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, साधारण ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी हाडाच्या पेशी मरू लागतात आणि मेलेल्या हाडात स्क्रू सैल होतो. दर भोकाची खोली मोजली जात होती. ‘चौदा.’ ‘चौदा,’ सिस्टर परत म्हणायच्या. ‘सोळा.’ ‘सोळा.’ माप मोठ्यानं सांगायचं, समोरच्यानं ते परत म्हणायचं, हीच शिस्त मी माझ्या पोरांना लावत आलोय. ती तिथे ऐकली आणि माझी भीती उतरली.

सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं आणि मला वाटलं, आत स्टील आहे, आता कसली काळजी? तपासणीला गेलो तेव्हा चालायची परवानगी मागितली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘काका, स्क्रूनं हाड जोडलेलं नाही, फक्त धरून ठेवलंय. जोडायचं काम हाडाचं. हाड जुळायच्या आधीच भार टाकत राहिलात, तर स्टील थकेल आणि तुटेल.’ धातू थकतो हे मला कुणी शिकवायला नको. एका झटक्यात न तुटणारी पट्टी पुन्हापुन्हा वाकवली की कडकन जाते. इतकी वर्षं मी पक्कं बसवायचं म्हणून स्क्रू आवळले. हा मात्र हाडाला वेळ मिळावा म्हणून आवळलेला होता. उरलेले दिवस मी कुबड्या सोडल्या नाहीत.

घरी बसून या स्क्रूंबद्दल मिळेल ते वाचलं. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एकत्र येऊन मोडलेली हाडं प्लेट-स्क्रूनं बसवायची शिस्तशीर पद्धत घालून दिली. त्यातल्या मॉरिस म्युलर यांना स्क्रू आणि हत्यारं करून देणारा रॉबर्ट मॅथिस हा बेटलाख गावातला यंत्रकाम करणारा कारखानदार होता. ते वाचून ऊर भरून आला. आपल्याच धंद्यातल्या माणसाचे हात या कामाला लागले होते.

सोळा महिन्यांनी आतल्या घोट्यातले स्क्रू बुटाला टोचू लागले, म्हणून काढले. डॉक्टरांनी ते छोट्या बाटलीत घालून दिले. कारखान्यात येऊन व्हर्निअर लावला. आटे ४ मिलिमीटर व्यासाचे, पण पिच १.७५, आमच्या ४ मिलिमीटरच्या बोल्टचा ०.७ असतो. हाडाचा आतला भाग स्पंजासारखा, म्हणून लाकडाच्या स्क्रूसारखे रुंद, खोल आटे. आणि आटे फक्त टोकाकडे, वरची दांडी गुळगुळीत. टोक पलीकडच्या तुकड्यात रुततं, डोकं अलीकडच्या तुकड्यावर टेकतं, आवळलं की दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट येतात. किती साधी युक्ती! चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. ३१६ एल स्टील.

काढल्यानंतरच्या एक्स-रेत स्क्रूंच्या जागी दोन काळ्या रेघा होत्या. भोकांपाशी हाड कच्चं असतं, काही आठवडे धावू नका, उड्या मारू नका, असं बजावलं होतं. गेल्या महिन्यात पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी बोटानं जागा दाखवली, मी चष्मा पुसून पाहिलं. रेघा नव्हत्या.

तीस वर्षांत लोखंडात लाखो भोकं पाडली असतील. त्यातलं एकही आपणहून बुजलेलं मी पाहिलं नाही. माझ्या घोट्यातली दोन्ही बुजली.