पडद्याच्या कोपऱ्यातील आकडे

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी तक्रार करण्याचा हक्क नागपूरकराने फार दिवसांपूर्वी सोडून दिला आहे. त्याऐवजी त्याने आकड्याचा अभिमान धरिला आहे. मुंबईचा पाहुणा घाम पुशीत उकाड्याला नावे ठेवू लागला, की आम्ही सोनेगावच्या वेधशाळेचा आकडा त्याच्यापुढे अशा थाटाने ठेवितो, की जणू तो आम्हीच परिश्रमाने मिळविला आहे. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश सेल्सिअसची नोंद झाली, ही गोष्ट आमच्या ओळखीच्या कित्येक गृहस्थांस स्वतःच्या लग्नाच्या तिथीपेक्षा अधिक पाठ आहे. अशा गावात जन्म घालविलेल्या मनुष्यास पन्नाशी उलटल्यावर आकड्यांचे आणखी एक वेड लागले, तर त्यात नवल करण्यासारखे काही नाही. ते वेड म्हणजे आपल्या संगणकाचे तापमान पाहत बसण्याचे.

त्याचे कारण घडले ते असे. आमच्या दिवंगत वडिलांच्या वह्या आणि पत्रे यांची छायाचित्रे घेऊन, त्यांतील मजकूर संगणकाकडून वाचवून घेण्याचे काम आम्ही 2024 च्या आरंभी हाती घेतले होते. वडिलांचे अक्षर सुरेख असले तरी ते मनुष्याने वाचावयाचे अक्षर होते. यंत्रास ते लावताना फार आटापिटा करावा लागे. मार्चच्या मध्यावर एके दुपारी पडदा एकाएकी काळा झाला आणि दोन तासांचे काम नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा तेच. आम्ही प्रथम विजेवर संशय घेतला, मग व्हायरसवर, आणि शेवटी, इंग्रजी शिक्षण घेतलेल्या मनुष्यास न शोभेल अशा रीतीने, आपल्या ग्रहांवर. सीताबर्डीवरील एका तरुण कारागिराने पेटी उघडली, तेव्हा पंख्यावर व त्याखालच्या हीटसिंकवर धुळीची गोधडीच पसरलेली आढळली. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये जी थर्मल पेस्ट असते ती वाळून जुन्या चुन्यासारखी झाली होती. तो म्हणाला, "सर, हा तापून राहिला होता, म्हणून आपणहून बंद होऊन राहिला. शहाणा आहे तो." त्याने सर्व स्वच्छ करून नवी पेस्ट लाविली व जाताना एक सल्ला दिला: यंत्राच्या अंगात सेन्सर असतात, ते काय म्हणतात याकडे लक्ष ठेवीत जा.

आमच्या भाच्याने त्याच रात्री एचडब्ल्यूइन्फो नावाचा प्रोग्राम बसवून दिला. तो उघडताच शंभरावर आकड्यांची यादी समोर आली. प्रोसेसराच्या प्रत्येक कोअरचे तापमान, ग्राफिक कार्डाचे, मदरबोर्डाचे, डिस्कचे, पंख्यांच्या मिनिटाच्या फेऱ्या, विजेचा दाब! एवढ्या यंत्रात एवढा बोलका समाज राहत असेल याची आम्हांस कल्पना नव्हती. त्यांतून मोजके आकडे निवडून पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसत राहावेत, याकरिता भाच्याने आणखी एक प्रोग्राम घातला. त्याचे नाव रेनमीटर; म्हणजे शब्दशः पर्जन्यमापक. मे महिन्यात नागपुरात पर्जन्यमापक जवळ बाळगणे हा विनोदच, पण त्याचा आणि पावसाचा संबंध नाही. आकडा कोठे बसवावा, किती मोठा लिहावा, कोणत्या रंगात लिहावा, किती सेकंदांनी बदलावा, हे सर्व त्यात आपल्या लहरीप्रमाणे ठरविता येते.

आणि आम्ही ते लहरीप्रमाणेच ठरविले. साठाखालील आकडा दूर्वेच्या रंगाचा, साठ ते ऐंशी हळदीचा, ऐंशीवर कुंकवाचा. दशांश काढून टाकिले, कारण दशांशाने मनुष्याचे चित्त विनाकारण हेलकावे खाते. सेन्सरांची इंग्रजी नावे पुसून त्यांस आपल्या घरची नावे देण्याचीही सोय होती, तेव्हा प्रोसेसरास 'मेंदू', ग्राफिक कार्डास 'डोळा' आणि डिस्केस 'कोठी' असे बारसे केले. उत्तरपत्रिका तपासावयाच्या सोडून आम्ही या कामात किती संध्याकाळी घालविल्या ते येथे न सांगितलेले बरे. आमच्या मातोश्री, वय वर्षे चौऱ्याऐंशी, अधूनमधून दारात उभ्या राहून विचारीत, "त्या डब्यात काय पाहून राहिला रे एवढं?" मेंदूचे तापमान, असे आम्ही सांगितले, तेव्हा त्या "तुझ्या?" एवढेच म्हणून आत निघून गेल्या.

या आकड्यांचे जसजसे अधिक वाचन केले तसतशी एक गोष्ट ध्यानात आली, की सेन्सर वाटतो तितका साधा साक्षीदार नाही. इंटेलच्या प्रोसेसरातील सेन्सर आपण किती अंशांवर आहोत हे मुळी सांगतच नाही. मर्यादा अजून किती दूर आहे, एवढेच तो सांगतो. पुष्कळ प्रोसेसरांची ही मर्यादा 100 अंशांची असते. सेन्सर म्हणतो "अजून 37 बाकी", आणि प्रोग्राम वजाबाकी करून आपल्यास 63 दाखवितो. मर्यादेच्या जवळ त्याचे बोलणे भरवशाचे. यंत्र थंड असता त्यावर फारसे विसंबू नये. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपली गती उतरवितो, आणि तरीही भागले नाही तर स्वतःस मिटून घेतो. कारागीर ज्यास शहाणपण म्हणाला ते हेच. उलट 2017 साली निघालेल्या रायझन 1700एक्स व 1800एक्स या प्रोसेसरांचा मुख्य आकडा जाणूनबुजून खऱ्याहून 20 अंशांनी वाढवून सांगितला जाई. पंख्यांचे नियमन त्या मालिकेतील सर्व प्रोसेसरांस सारखे व्हावे, हा एएमडी कंपनीचा हेतू. आमच्या मदरबोर्डावर तर एका जागेला सेन्सर जोडलेलाच नव्हता. तरी ती रिकामी जागा अष्टौप्रहर 127 अंश असा आकडा गंभीरपणे सांगत असे. तिचे नाव आम्ही 'थापाड्या' ठेविले आणि ती नजरेआड केली.

सर्वांत उपयुक्त शोध मात्र आम्हांस कोणत्याही माहितीपत्रकात लागला नाही. पंख्याने थंड होणारे यंत्र खोलीतील हवेहून थंड कधीच होऊ शकत नाही. हवा जितकी तापेल तितके तेही वर चढते. एप्रिलमधील एका पहाटे खोलीत 26 अंश असताना आमचा 'मेंदू' काही काम नसताना 38 वर होता. तेव्हा मे महिन्यातील दुपारी, तसाच रिकामा असता, तो 54 दाखवू लागला, की खोलीत 42 आहे हे वेगळा उष्णतामापी न पाहता सांगता येई. ही युक्ती आम्ही महाविद्यालयात दोघातिघांस मोठ्या अभिमानाने समजावूनही सांगितली. या ज्ञानाचा उपयोग आम्ही एकच केला: चाकांचा लहान कूलर अभ्यासिकेत ओढून आणिला आणि तो पेटीपासून जरा दूर, ओलसर वारा थेट तिच्यावर जाऊ नये अशा बेताने, उभा केला. आईच्या खोलीत तो एरवी असे. पण त्या वाऱ्याने आपले गुडघे धरतात असे तिनेच एकदा म्हटले होते, आणि ते वाक्य आम्हांस फार सोयीचे वाटले.

नवतपा सुरू झाला आणि 30 मे रोजी गावात एकच आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी झाला: 56! रामदासपेठेजवळील कृषि विद्यापीठाच्या मोकळ्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने तो नोंदविला होता. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 ची नोंद झाली होती. तेव्हा दिल्लीस मागे टाकल्याचा एक विलक्षण आनंद आमच्या मित्रमंडळीत पसरला. हवामान खात्याने नागपूरचा आकडा सेन्सरच्या बिघाडामुळे आलेला आहे असे जाहीर केले, आणि मुंगेशपूरचा सेन्सरही सुमारे तीन अंश अधिक दाखवीत होता असे पुढे चौकशीत ठरले. आम्ही मात्र 'थापाड्या'शी परिचय असल्यामुळे पहिल्यापासून साशंक होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दूरध्वनीवर एका स्नेह्यास हेच ऐकवीत होतो. हवेचे तापमान मोजावयाचे तर जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजावे लागते. त्या पेटीची रचना करणारा थॉमस स्टीव्हन्सन हा 'ट्रेझर आयलंड'च्या कर्त्याचा पिता. सेन्सर उन्हात वा बिघाडात सापडला तर त्याच्या साक्षीस किंमत किती, इत्यादि. व्याख्यान रंगात आले होते. कोपऱ्यात 'मेंदू' 57 वर, हळदीच्या काठास टेकला होता, आणि आम्ही बोलता बोलता कूलरचा वेग वाढविला.

पाचाच्या सुमारास पत्नीने हाक मारिली. आई पश्चिमेच्या खोलीत पलंगावर बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि आम्हांस आमच्या काकांच्या नावाने हाक मारून विचारले, "पोरं शाळेतून आली का?" काकांस जाऊन वीस वर्षे झाली आहेत. तिचा हात तापलेला होता आणि कोरडा होता. त्या खोलीत आमच्या कपाळावरून पाण्याच्या धारा लागल्या असता तिच्या अंगावर घामाचा टिपूसही नव्हता. काखेत लाविलेल्या तापमापकाने 103 दाखविले. सकाळपासून तिने पाणी किती घेतले हे आम्हांपैकी कोणासही सांगता आले नाही.

डॉक्टरांनी ताबडतोब रुग्णालयात आणा असे सांगितले, आणि गाडी येईपर्यंत अंग ओले करून वारा घाला म्हणून बजाविले. पत्नीने ओली चादर केली, आम्हांस ती आईच्या अंगावर धरावयास लाविले, आणि स्वतः अभ्यासिकेतून कूलर ढकलीत आणिला. त्या खोलीत खटक्याची जागा नव्हती, म्हणून लांब तारेची जोडणी हवी होती; ती आमच्या संगणकाला लावलेली होती. पत्नीने ती एका झटक्यात उपसली. उघड्या दारातून आम्हांस पडदा काळा होताना दिसला. मेंदू, डोळा, कोठी, सगळे एकदमच गेले. त्या घटकेस आमच्या मनात प्रथम कोणता विचार आला हे लिहिण्याचे धैर्य आम्हांस अजून झालेले नाही.

आई दोन रात्री रुग्णालयात राहिली व बरी होऊन घरी आली. तेथील तरुण डॉक्टरीणबाई सौम्यपणे म्हणाल्या, की या वयात तहान लागेनाशी होते, घामही कमी येतो, म्हणून त्रास होतो आहे हे त्या व्यक्तीस स्वतःलाच उमगत नाही. आजूबाजूच्यांनी ओळखावे लागते. आम्ही मान डोलाविली. शेजारच्या खोलीत 42 अंश आहेत हे आम्ही भिंतीपलीकडे बसून, एका वजाबाकीने, दोनच दिवसांपूर्वी काढून पाहिले होते, हे त्यांस सांगितले नाही. पत्नीसही सांगितले नाही. तिला ते ठाऊक असावे.

जूनमध्ये भाचा आला तेव्हा त्याच्याकडून आम्ही एक काम करून घेतले. थोडक्या रुपयांत मिळणारा एक तापमानाचा सेन्सर त्याने आईच्या खोलीत, तिच्या उशाशी पण उन्हापासून दूर, भिंतीवर बसविला आणि त्याची तार दाराच्या चौकटीवरून आमच्या टेबलापर्यंत आणिली. बाहेरून आलेला आकडाही त्या यादीत घालण्याची सोय प्रोग्रामात आहे. "मामा, याला नाव काय देऊ?" त्याने विचारिले. आम्ही 'आई' सांगितले. मग वाटले, हे खरे नव्हे. खोलीचे तापमान म्हणजे काही आईचे तापमान नव्हे, आणि मर्यादा अजून किती दूर आहे हे सांगणारा सेन्सर मनुष्याच्या अंगात बसविलेला नाही. म्हणून 'आईची खोली' असे लिहविले. 'डोळा' व 'कोठी' यांना रजा दिली. कोपऱ्यात आता दोनच आकडे असतात, आणि कूलर पुन्हा त्याच्या जागी गेला आहे. गुडघ्यांकरिता तो थोडा तिरपा ठेवितात, एवढेच.

या व्यवस्थेवर आई प्रथम रागावली. "मी काय यंत्र आहे?" असे तिने भाच्यास विचारिले, आणि त्या तारेवर दोन दिवस आपला ओला पंचा वाळत घालून निषेध नोंदविला. पुढे मात्र तिला त्यात गोडी वाटू लागली. पुढल्या उन्हाळ्यातील एका दुपारी, पन्ह्याचा पेला रिकामा करून, तिने आतून मोठ्याने विचारिले, "किती झाले रे आमच्या खोलीचे?"

"तेहतीस."

"आणि तुझ्या त्या मेंदूचे?"

आम्ही वडिलांच्या 1961 च्या वहीची पाने त्याच्याकडून वाचवून घेत होतो. "बहात्तर," आम्ही म्हणालो.

"मग बंद कर त्याला घटकाभर," आई म्हणाली, "आणि इकडे येऊन बस."