महागावच्या डब्यातली नाणी

यवतमाळहून नांदेडकडे निघालेला महामार्ग आर्णीवरून महागावला येतो. आर्णीला बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे. तिथे फातिहा पढून पुढे निघाले की दोन्ही बाजूंना काळ्या मातीची शेते लागतात. हंगामाप्रमाणे कापूस, सोयाबीन नाहीतर तूर. महागाव हे तालुक्याचे गाव. फुलसावंगी, गुंज, काळी दौलतखान ही याच तालुक्यातली गावे. पुढे उमरखेड, आणि उमरखेडच्या पलीकडे पैनगंगा. पूल ओलांडला की हदगाव तालुका आणि नांदेड जिल्हा सुरू होतो. आज हा पूल ओलांडताना कुणाला काही जाणवत नाही. दोन्ही काठांवर एकच राज्य, एकच रुपया. पण आपल्या नानी-दादींच्या तरुणपणी या नदीच्या दोन काठांवर दोन वेगवेगळे रुपये चालत होते.

महागाव हे आमचे आजोळ. यंदा सुट्टीत आम्ही सगळी भावंडे तिथे जमलो. अमेरिकेत राहणारी आपा मुलाला घेऊन आली होती. भाच्याने येताना एक छोटे पाकीट आणले होते आणि त्यात वीसेक चपटी, लांबट नाणी होती. तांबूस, चकचकीत, आणि प्रत्येकावर वेगळे चित्र: कुठे पूल, कुठे मासा, कुठे जुनी इमारत. तिकडे प्रेक्षणीय ठिकाणी एक यंत्र ठेवलेले असते. त्यात पन्नास सेंट टाकायचे, वर आपला एक सेंट ठेवायचा आणि हातदांडा फिरवायचा. आत दोन पोलादी लाटा असतात. उसाच्या चरकात कांडे जाते तसे नाणे त्यांच्यामधून जाते आणि लांबट होऊन बाहेर पडते. एका लाटेवर चित्र कोरलेले असते, ते नाण्यावर उमटते. हा नाद तिकडे जुना आहे. १८९३ साली शिकागोला जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते, त्यातही अशी नाणी आठवण म्हणून काढून दिली जात.

या छंदात नाणे आधी तयार करावे लागते. अमेरिकेत १९८२ सालापर्यंतचा सेंट ९५ टक्के तांब्याचा असे. त्या वर्षात धातू बदलला आणि पुढचे सेंट जस्ताचे, वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेले निघू लागले. असे नाणे लाटांमधून गेले की मुलामा फाटतो आणि चित्रावर पांढुरक्या रेघा येतात. म्हणून छंदी लोक जुने सेंट निवडून ठेवतात. मग वाटीभर सिरक्यात चमचाभर मीठ घालून त्यात ते काही मिनिटे बुडवतात. आंबटाने तांब्यावरचा काळा थर विरघळतो. नंतर भरपूर पाण्याने धुवायचे, थोडा खाण्याचा सोडा लावून उरलेले आम्ल मारायचे, पुन्हा धुवायचे आणि सुती फडक्याने लगेच कोरडे करायचे. धुण्यात कसूर झाली तर दोन दिवसांत नाण्यावर हिरवट डाग उठतात. आपल्याकडे चिंच आणि मिठाने तांब्याचा हंडा घासतात, त्यातले शास्त्र हेच.

भाच्याने ही सगळी कृती आम्हाला समजावून सांगितली आणि विचारले, ‘नानीच्या डब्यात तांब्याची नाणी आहेत ना? ती घासू या. जाताना मी घेऊन जातो आणि तिकडच्या यंत्रात दाबतो. महागावची निशाणी होईल.’

नानी आता हयात नाहीत. त्यांचा पितळी डबा मुमानीकडे आहे. मुमानीने तो आणून चटईवर ओतला. तांब्याचे पैसे काळे पडलेले होते. मधे भोक असलेले, १९४३ ते १९४७ या युद्धाच्या आणि टंचाईच्या काळातले पैसे होते. काही नवे पैसे होते, म्हणजे १ एप्रिल १९५७ नंतरचे. त्या दिवसापासून सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला. चार आणे आणि त्याहून लहान नाणी सरकारने ३० जून २०११ पासून चलनातून काढली, तीही होती. आणि तळाशी एका मलमलीच्या चिंधीत काही रुपये बांधलेले होते. मुमानी म्हणाल्या, ‘हे तुमच्या नानी माहेराहून घेऊन आल्या होत्या. त्यांचे माहेर पैनगंगेपलीकडचे.’

त्यात दोन जातीचे रुपये निघाले. एकावर इंग्रज राजाचे तोंड आणि १९१८ साल. हा कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. दुसऱ्यावर चारमिनार. हा निजामाचा हाली सिक्का. हाली म्हणजे सध्या चालू असलेला.

एका घरात दोन्ही कसे आले, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. वऱ्हाड मूळचा निजामाचा मुलूख. फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात कायमचा पट्ट्यावर घेतला. महागावचा भाग तेव्हा पुसद तालुक्यात होता. पुसद आधी बासीम, म्हणजे वाशीम जिल्ह्यात होते. तो जिल्हा १९०५ साली मोडला आणि पुसद यवतमाळकडे आले. नावाला मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे पैनगंगेच्या अलीकडे कलदार चाले आणि पलीकडे, नांदेडच्या बाजूला, हाली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ आणि मराठवाडा एकाच मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठे हे दोन काठ एका राज्यात आले. हाली सिक्का त्यानंतरही थोडा रेंगाळला आणि १९५९ साली रद्द झाला.

सात हालींना सहा कलदार, हा ठरलेला भाव. आम्ही मुलांना कागद-पेन्सिल देऊन तो पडताळायला बसवले. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, बाराव्या हिश्श्याची भेसळ सोडून बाकी चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि हजारात ८१८ भाग चांदी, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. सहा कलदारांत चांदी ६४ ग्रॅम, सात हालींतही ६४ ग्रॅम. भाव चांदीनेच ठरवला होता. हिशेब जुळल्यावर मुलांच्या तोंडावर जो आनंद होता तो पाहण्यासारखा होता.

मग भाच्याने चारमिनारचा रुपया उचलून उजेडात धरला. तो घरी कुरआन शिकतो, अक्षरे ओळखतो. चारमिनारच्या मधल्या कमानीत त्याला ‘ऐन’ सापडला. हा ऐन म्हणजे उस्मान अली खान, सातवे निजाम. त्यांच्या वडिलांच्या, मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर त्याच जागी ‘मीम’ असतो. भोवती ‘निजामुल्मुल्क आसफजाह बहादूर’ असे लिहिलेले. चारमिनारच्या वर ९२ हा आकडा. अबजदच्या हिशेबाने मीमचे चाळीस, हेचे आठ, पुन्हा मीमचे चाळीस आणि दालचे चार. बेरीज ब्याण्णव, म्हणजे ‘मुहम्मद’ हे मुबारक नाव. मागच्या बाजूला किंमत, जुलूसी सन आणि टांकसाळीचे नाव: हैदराबाद फर्खुंदा बुनियाद. साल हिजरी, १३४३. म्हणजे इसवी १९२४-२५.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘हे दाबले तर यातले काय राहील?’ मामू म्हणाले, ‘चांदी राहील, नाव जाईल.’

तांब्याच्या नाण्यांविषयीही आम्ही तेव्हाच ठरवले. आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेत फसवणुकीचा हेतू नसेल तर सेंट दाबायला मनाई नाही, म्हणून तिकडे हा छंद उघड चालतो. मामूंच्या पिढीतली यवतमाळची मुले शकुंतला रेल्वेच्या रुळावर पैसा ठेवून चपटा करत, ते मामूंनीच सांगितले. तो खेळ जिवावरचा होता आणि कायद्यातही बसत नाही. महागावला अजून रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालू आहे. गाडी येईल तेव्हा हा खेळ इथल्या मुलांनी शिकू नये.

मग डब्यातली नाणी स्वच्छ कशी करायची? मुमानीने चिंच भिजत घातलीच होती, ती आमटीत गेली. यंत्रात दाबायच्या सेंटवरचे अक्षर तसेही पुसले जाणार असते, म्हणून त्याला आम्लात बुडवून चकाकी आणणे ठीक. ज्या नाण्यावरचे अक्षर आपल्याला वाचायचे आणि मुलांना दाखवायचे आहे, त्याला चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर किंवा दंतमंजन यातले काहीच लावू नये. तांब्यावरचा तपकिरी थर आणि चांदीवरची काळसर झाक धातूच्याच वरच्या पापुद्र्यातून तयार झालेली असते. ती घासून काढली की तिच्याबरोबर अक्षराची धारही जाते. दर ईदला घासलेल्या रुपयावरचे साल दहा-वीस वर्षांत बोटाला लागेनासे होते. नाण्यांचे जाणकारही घासलेल्या नाण्याला कमी भाव देतात.

आम्ही केले ते एवढेच. औषधाच्या दुकानातून ऊर्ध्वपातित पाणी आणले, त्यात नाणी रात्रभर ठेवली, सकाळी पाणी बदलले. चिकट मळ होता तिथे सौम्य साबणाचा थेंब बोटाने लावला आणि धुतला. मऊ फडक्यावर ठेवून पाणी टिपून घेतले, चोळले नाही. धरताना नेहमी कडेने धरले, कारण बोटांच्या घामाचा डाग बसतो. पूर्ण सुकल्यावर प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात घातले. मऊ प्लास्टिकच्या थैलीत नाणी ठेवू नयेत. काही वर्षांनी ते प्लास्टिक धातूला चिकटते आणि हिरवे पडते. एका पैशावर हिरवी भुकटी सुटलेली दिसली, तो बाकीच्यांपासून दूर ठेवला. हा रोग दमट हवेत वाढतो आणि त्याला जाणकाराचाच हात लागतो.

पाकिटांवर लिहायचे काम आपाने मुलांकडून करून घेतले: कोणते नाणे, कोणते साल, घरात कुणाकडून आले. काही घरांत सफरला निघणाऱ्याच्या दंडाला कापडात नाणे बांधतात, त्याला इमाम जामिन म्हणतात. पोहोचल्यावर ते गरिबाला देतात. डब्यातले दोन-तीन पैसे अशाच चिंध्यांत होते, द्यायचे राहून गेलेले. ते पैसे आता कुठेच चालत नाहीत. मामूंनी त्यांच्या बदल्यात चालू रुपये मशिदीबाहेरच्या गरजवंताला दिले आणि चिंध्या तशाच ठेवल्या.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. पहिली, जकातीचा हिशेब. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. डब्यातले जुने रुपये ‘आठवण’ म्हणून हिशेबातून सुटत नाहीत. प्रत्येक रुपयात चांदी सारखी नसते. १९४० पासूनच्या इंग्रजी रुपयात ती निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा, म्हणजे चांदीचा नाहीच. साल वाचता आले तरच हा फरक कळतो. मिश्र चांदीचा हिशेब कसा धरायचा ते आपल्या आलिमांना विचारावे. दुसरी गोष्ट, शेतात नांगराला नाणी लागली तर ती सोनाराकडे न्यायची नाहीत. १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे.

मुलांना घेऊन नाणी पाहायची असतील तर महागावहून दोन वाटा आहेत. उत्तरेला नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोक ज्याला अजब बंगला म्हणतात; ते १८६३ पासून आहे. दक्षिणेला हैदराबादच्या सैफाबादेतली जुनी टांकसाळ. १९०३ पासून हाली सिक्के तिथेच पडत. आता तिथे नाण्यांचे संग्रहालय केले आहे.

राहिली भाच्याची निशाणी. चारमिनारच्या रुपयावर पातळ कागद ठेवून त्याने शिसपेन्सिलचा आडवा, अगदी हलका हात फिरवला. कमान उमटली, कमानीत ऐन उमटला. खाली त्याने स्वतः लिहिले: नानीचा रुपया, महागाव. तो कागद चपट्या सेंटांच्या पाकिटात मावला. रुपया पुन्हा मलमलीत बांधून मुमानीने डब्यात ठेवला.