समुद्रात राहून पाण्याला काय तोटा?

“सूनबाई, चारी बाजूंनी समुद्र, आणि तुम्ही बादल्या कसल्या मोजताय?” चुलतसासऱ्यांचं हे बोलणं आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

मी कळंब तालुक्यातली. हे फौजेत. बदली पोर्ट ब्लेअरला झाली. 2024 पासून ते श्रीविजयपुरम झालंय, पण आमच्या तोंडी जुनंच नाव. चेन्नईहून जहाजाचा प्रवास, पोराच्या उलट्या, क्वार्टर मिळायला लागलेला वेळ, हे सगळ्याच फौजी घरांत असतं. थंडीत पाचच्या सुमारास दिवस बुडायचा. बुरशी धरू नये म्हणून साड्यांच्या कपाटात बारका बल्ब जळता ठेवायचा, हे शेजारच्या केरळच्या ताईंनी शिकवलं. त्याचीही सवय झाली.

सवय झाली नाही ती पाण्याची. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्याकडे त्याचा पाव हिस्सा पडला तरी पोळा जोरात होतो! तरीही उन्हाळ्यात शहराला पाणी देणारं धनीखारी धरण तळाला जायचं आणि नळ दोन-तीन दिवसांआड यायचा. पडलेलं पाणी उतारावरून सरळ समुद्रात. 2016 ला मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा टँकरमागं घागर घेऊन पळालेली मी. बेटावरही ड्रमच भरत बसले.

अशा एप्रिलात यांचे काका-काकू आणि त्यांची दोन पोरं आली. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढं काका रडले, ते खरं रडणं होतं. मग कॉर्बिन्स कोव्हला समुद्रात डुंबले. घरी आले ते अंगभर वाळू आणि मीठ घेऊन. चौघांनी एकामागून एक मनसोक्त आंघोळ केली. निळा ड्रम अर्ध्यावर. त्यावर काकूंनी खाऱ्या पाण्याचे डाग पडतात म्हणून सगळ्यांचे कपडे खळबळून काढले. ड्रम तळाला. वरण टाकायला तांब्याभर पाणी नाही. मी शेजारी बादली मागायला निघाले, तेव्हा काका ते बोलले. आणि हे गालातल्या गालात हसले. मला तेच जास्त लागलं.

फौजीच्या घरी जाणाऱ्यांनी एवढं तरी करावं: जाताना पिठाची पिशवी न्यावी, आंघोळीआधी नळाची पाळी विचारावी. विमानाची तिकिटं काढता, तर एक दिवस हॉटेलात राहिल्यानं काय बिघडतं?

पुढच्या वर्षी कुणीच आलं नाही. मे संपता संपता पाऊस लागला तो थांबेचना. पोरगं घरातही हिंदीच बोलायला लागलं. मीच काकूंना फोन लावला. “या की.”

“अगं, पण पाण्याचं?”

“आता धो धो आहे, हवं तितकं उपसा. फक्त ज्वारी आणा, दळून नका आणू. पावसात पीठ गाठी धरतं, मी इथं मिक्सरवर काढीन.”