परसातील शेकोटी

ग्वाल्हेरची थंडी पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. पौषात रात्रीचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि तिचेच पुढे 'लष्कर' झाले. तिच्यामागून आलेल्या मराठी कुटुंबांनी या थंडीशी तह केला तो शेकोटीच्या आधाराने. दिवसभर शाळेत आणि बाजारात हिंदी बोलणारी आम्ही मुले तिन्हीसांजेला परसातल्या शेकोटीभोवती आजीची कोडी, उखाणे आणि म्हणी ऐकत असू. मराठीची पदवी मला विद्यापीठाने दिली. भाषेचा कान मात्र त्या उबेत तयार झाला.

गेल्या पौषात शेजारचे निवृत्त स्टेशनमास्तर भिंतीपाशी आले आणि मोठ्या संकोचाने म्हणाले, "मास्टरसाहब, नातवाला दमा आहे. संध्याकाळी गल्लीत धूर साचला की लेकराला रात्र बसून काढावी लागते." त्यांचा रोख एका घरावर नव्हता, गल्लीत चार-पाच परसांत जाळ होत असे.

मास्तरकीच्या सवयीने मी नियम वाचावयास घेतले. 1981 च्या वायुप्रदूषण कायद्यातील एकोणिसावे कलम 'इंधन नसलेला' पदार्थ जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार राज्य शासनाला देते. म्हणजे वाळलेले लाकूड वेगळे आणि पाचोळा, चिंध्या, प्लास्टिक वेगळे. कचरा उघड्यावर जाळणाऱ्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये दिला. निष्काळजीपणे विस्तव हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या 287 व्या कलमाखाली गुन्हाच आहे.

सुक्या लाकडाची लहानशी शेकोटी यांतून सुटते, असा युक्तिवाद करता आला असता. परंतु हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न चढता खालीच पसरतो. नियमातून सुटलेला तो धूर त्या मुलाच्या खोलीत शिरणारच होता.

घरात खरा प्रश्न आईचा होता. ब्याऐंशी वर्षांच्या वृद्धेची शेकोटी कोणत्या तोंडाने बंद करावी? तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पोराचा श्वास आधी. गोष्टी काय, रजईत बसूनही सांगता येतात."

मग गल्लीतल्या घरांनी मिळून ठरविले. पाचोळा कोणी जाळावयाचा नाही. परसाच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यात मातीचे थर देत तो कुजवावयाचा. शेकोटी पेटवावयाची ती भर दुपारी, वारा खेळता असताना, सुक्या लाकडांची आणि बेताची. उठताना पाणी ओतून निखारे विझवावयाचे. धुक्याच्या दिवशी तीही नाही. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत नेऊन निजणे तर कोणीही करू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही तो देत नाही.

नगरपालिका चौकाचौकांत अलाव पेटवितात, मग आमच्यावरच बंधन का, असे कोणी विचारील. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याची ती गरज आहे. आपल्यापाशी रजई आहे आणि दाराला कडीही आहे.

यात काही गमावले नाही असे म्हणवत नाही. जाळाकडे पाहत बसलेली मुले जशी ऐकतात, तशी ती दिव्याखाली ऐकत नाहीत. हात चटकन मोबाइलकडे वळतो. म्हणून ही बैठक आता आपोआप जमत नाही, हाक मारून जमवावी लागते. आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास आईचा ठरला आहे. वाचकहो, आपल्या गावचा नियम नगरपालिकेत विचारून घ्यावा आणि पाळावा. पण शेकोटी विझली म्हणून बैठक मोडू देऊ नये. परमुलुखात आपल्या मुलांना मराठी मिळते ती तेथेच.