पवता येतं, पण कुठल्या पाण्यात?

मोऱ्याच्या मुलांना "पोहायला येते का रे?" असे विचारले की ती हसतात. "बाई, कोल्याच्या पोराला काय इचारता!" असे एकाने मला तोंडावर सांगितले होते. त्याचे खरेच होते. बंदराच्या धक्क्यावरून मुटका मारणारी, होडीच्या कडेवरून सूर मारणारी ही मुले. मी मात्र घाटावरची. आमच्याकडे नदी उन्हाळ्यात आटायची, म्हणून विहीर हीच आमची शाळा. आबांनी माझ्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला, कमरेला सोल बांधला आणि दिले ढकलून! पांगाऱ्याचे लाकूड हलके, ते माणसाला वर धरते. रोज बिंड्याचा थोडा भाग तासून कमी करायचा. असे करता करता एक दिवस बिंडा सुटला तरी मी वरच. पण माझी गंमत बाराव्या वर्षी संपली. "आता मोठी झालीस" असे आजी म्हणाली आणि विहिरीवर फक्त भाऊ जाऊ लागले. ते मला अजून खुपते.

पण मुलांनो, आज मी लिहिणार आहे ते खाडीबद्दल नाही, निळ्या फरशीच्या तलावाबद्दल.

गेल्या वर्षी आपली सहावी-सातवीची सहल गेली होती. जेवणानंतर एका ठिकाणी पोहण्याचा तलाव होता. (नाव लिहीत नाही.) आपली पोरे पाणी बघून वेडी झाली. तळ इतका स्वच्छ की पडलेले नाणे दिसावे. एक मुलगा, जो मोऱ्याच्या धक्क्यावर सगळ्यांत धीट, तो लांब टोकाला उडी मारून गेला. मधोमध आल्यावर त्याला दम लागला. तो ओरडला नाही. हात वर केले नाहीत. नुसते तोंड पाण्याच्या रेषेवर आणि हात दोन्ही बाजूंना पाणी दाबल्यासारखे. शेजारी सात-आठ मुले खिदळत होती, त्यांना वाटले हा खेळतोय. राखणदाराची खुर्ची होती, माणूस चहाला गेला होता.

त्याला वाचवले ते सातवीतल्या एका मुलाने, आणि पाण्यात उडी न मारता. काठावर पाने काढायचा लांब दांडा पडला होता. हा पालथा झोपला, दांडा पुढे केला, "धर" म्हणाला. नंतर मी विचारले, हे तुला कोणी शिकवले? तो म्हणाला, "बाबा वल्हं पुढं करतात, बाई. पाण्यात उतरत नाय. बुडणारा मिठी मारतो ना." इतके शहाणपण मी पुस्तकात वाचले होते, त्याने बापाच्या होडीत शिकले होते.

मग मी विचार करू लागले, धक्क्यावरचा वाघ तलावात का दमला? कारणे सापडली ती अशी. समुद्राचे पाणी खारट, म्हणून जड. एक लिटर गोडे पाणी एक किलो, तर तेवढेच समुद्राचे पाणी साधारण १०२५ ग्रॅम. या पंचवीस ग्रॅमचा फरक आपल्या अंगाला कळतो. खाऱ्या पाण्यात अंग थोडे वर राहते, गोड्या पाण्यात खाली बसते. दुसरे म्हणजे खाडीत पोरे होडीला, दोराला, धक्क्याच्या लाकडाला धरून विसावा घेतात. तलावाच्या मधोमध धरायला काही नसते. आणि तिसरे, विज्ञानाच्या तासाला आपण ग्लासातली पेन्सिल पाहिली होती ना? तोच प्रकार. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून वरून पाहिले की तळ खोलीच्या पाऊणपटच दिसतो. चार फूट पाणी तीन फुटांचे वाटते. पोरगा म्हणतो "माझ्या छातीइतकं" आणि ते निघते गळ्याइतके. म्हणून काठावर खोलीचे आकडे लिहिलेले असतात. ते वाचायचे, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. उथळ बाजूला डोके खाली करून सूर मारायचा नाही, कारण मानेचे हाड मोडले तर माणूस उभा राहत नाही. तळाला जाळी असते, तिथून यंत्र पाणी ओढते. लांब केस, सुटी नाडी तिच्याजवळ न्यायची नाही. वेणी घट्ट बांधायची, मुलींनो.

आता तुम्ही म्हणाल, आमची खाडीच बरी. बरी आहे, पण तिला वेळ कळते आणि तुम्हाला कळत नाही! जुने कोळी तिथीवरून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास भरती पूर्ण. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या भांगाला पाणी मवाळ असते. पुनव-अमावास्येच्या उधाणाला ते जोराने चढते आणि तितक्याच जोराने उतरते. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर भरती येते, म्हणजे आपल्या वर्गाच्या छताहूनही उंच. सकाळी जिथे गळ्याइतके पाणी होते तिथे दुपारी गुडघाभर चिखल. भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँचसुद्धा मोठ्या ओहोटीला गाळामुळे खोळंबते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तो चिखल पाय सोडत नाही. धक्क्याच्या खांबांवर कालवे असतात, ती सुरीसारखी कापतात. आणि लाँच वळताना पंख्याजवळ पोहणे म्हणजे काय ते मी लिहीत बसत नाही.

आपल्या या पाण्याने मोठी दुःखे पाहिली आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळा, लाटेचे पाणी आत आले, माणसे घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या घालून कितीतरी जणांना वर काढले. आणि अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून आपल्या तालुक्यातल्या घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ माणसे गेली, त्यांत लहान मूलही होते. त्या दिवसानंतर बोटीवर जीवरक्षक जाकीट घाला म्हणून सगळे सांगू लागले. मी लाँचने मुंबईला जाते तेव्हा बघते, जाकिटे डोक्यावरच्या फळीला छान बांधून ठेवलेली असतात. गाठी सोडायला पाच मिनिटे लागतील! लहान पोर मांडीवर असेल तर जाकीट सुटून हातात मिळेल असे हवे, एवढे तरी आपण लाँचवाल्या काकांना गोड शब्दांत सांगू शकतो.

जगभरात २०२१ साली सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले. त्यांना समुद्र लागत नाही. अंगणातला हौद पुरतो, बादलीसुद्धा पुरते. म्हणून घरी धाकटे भावंड असेल तर हौदावर झाकण आहे का ते बघा.

एक गोष्ट मात्र आईबाबांना वाचून दाखवा. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडे उलटे धरतात, गरगर फिरवतात, पोटावर दाबून पाणी काढतात. ते करू नये. पोटातले पाणी वर येऊन फुप्फुसात जाते आणि वेळ जातो तो निराळाच. पाठीवर झोपवायचे, श्वास चालू आहे का बघायचे. नसेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० वेळा भराभर दाबायचे, पुन्हा २ श्वास. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. दुसऱ्या कोणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन करायचा. समुद्रात अपघात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे. हे मोठ्यांनी दवाखान्यात नीट शिकून घ्यावे, कागदावर वाचून हात बसत नाही.

आता शेवटचे, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या वर्गात सगळेच कोळीवाड्याचे नाहीत. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली झाले तेव्हापासून कामासाठी दूरदूरची कुटुंबे उरणला आली. त्यांची मुले पाणी पहिल्यांदा इथेच पाहतात, आणि "तू भितोस काय" म्हटले की लाजेने उडी मारतात. आणि मुली तर कोळीवाड्यातल्यासुद्धा कितीतरी पाण्याबाहेरच. आई मासळी घेऊन लाँचने जन्मभर मुंबईला गेली, पण तिला पोहता येत नाही, हे मी घरोघरी ऐकले. आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली, आशियातली पहिली स्त्री. त्यांना कोणी "मोठी झालीस" म्हणून घरी बसवले असते तर?

तेव्हा असे ठरले आहे. दिवाळीनंतर पाणी नितळ झाले की रविवारी सकाळी, भांगाच्या दिवसांत, दोन पालक होडीत आणि मी काठावर, असे पोहणे शिकवायचे. पाठीला बांधायला रिकामे डबे आणायचे, झाकण घट्ट बसणारे. सोल एक काका देणार आहेत. ज्यांच्या घरून सहीची चिठ्ठी येईल त्यांचीच नावे घेणार. ज्यांना येते त्यांनीही यावे, त्यांना दांडा कसा पुढे करायचा ते सातवीतला तो मुलगा शिकवील. आजपर्यंत अकरा चिठ्ठ्या आल्या आहेत. त्यांत मुलींच्या दोन. वही माझ्या टेबलावर आहे.