कॉटनवुडची पाच झाडं

प्रेअरी म्हणजे गवताळ मैदान, हे आपण भूगोलात शिकतो. मीही शाळेत मुलींना तेवढंच सांगत आले आहे. पण मिनिआपोलिसहून गाडीनं पश्चिमेला निघालं, की तास-दोन तासांत कळायला लागतं की खरी गोष्ट गवताची नाहीच. ते तर आता फारसं उरलेलंही नाही. मैलोगणती मका आणि सोयाबीन. खरी गोष्ट आभाळाची आणि वाऱ्याची. डोळा कुठं टेकवावा तर टेकडी नाही, झाडी नाही, आणि वारा काही क्षणभर थांबायला तयार नाही. असल्या ठिकाणी एकट्या घरात बाईमाणसानं दिवस कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनात आला तो तिथंच.

नणंदेकडे महिनाभर राहायला गेले होते. सगळ्यांचा आग्रह नायगऱ्याचा. मी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, मला लॉराचं गाव पाहायचंय. नणंद म्हणाली, "वहिनी, तिथं पाहण्यासारखं काही नाही हो! चार घरं आणि शेतं." पण तिच्या दहा वर्षांच्या लेकीनं माझी बाजू घेतली आणि जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तिघी निघालो.

लॉरा म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. जन्म १८६७ चा, विस्कॉन्सिनच्या रानातला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १९३२ साली, तिचं पहिलं पुस्तक निघालं आणि पुढच्या अकरा वर्षांत आणखी सात. मुलगी रोझ हिची त्यात बरीच मदत होती. तीच ही 'लिटल हाउस' पुस्तकं: झाकलेल्या गाडीतून आईबाप आणि लेकी रानातून माळावर, माळावरून नदीकाठी, तिथून पुन्हा माळावर जातात, त्याची हकिगत.

शाळकरी वयात मी ही पुस्तकं वाचली तेव्हा मन जडलं ते पावर, म्हणजे लॉराच्या वडिलांवर. फिडल वाजवणारा, गोष्टी सांगणारा, लांडग्यांना न भिणारा माणूस. लग्नानंतर चार बदल्या झाल्या, चार वेळा मी भांडी गोणपाटात बांधली, आणि मग पुस्तकं पुन्हा हातात आली तेव्हा नजर सारखी माकडेच जायला लागली. पा म्हणतो, इथं फार दाटी झाली, पुढं जाऊ. मा काही बोलत नाही, चिनीमातीची ती छोटी बाहुली कापडात गुंडाळते. १८६९ मध्ये कॅन्सस, १८७१ मध्ये परत विस्कॉन्सिन, १८७४ मध्ये मिनेसोटा, १८७६ मध्ये आयोवा, पुन्हा मिनेसोटा, १८७९ मध्ये डकोटा. दहा वर्षांत एवढ्या चुली!

वाटेत पहिला मुक्काम वॉलनट ग्रोव्हचा. ओढ्याकाठच्या उतारात खोदलेल्या बिळवजा घरात ही मंडळी इथं राहत होती. छप्पर गवतमातीचं. आता ते कोसळून नुसता खळगा उरलाय, वर गवत. भाची त्यात उडी मारून म्हणाली, "मामी, एवढंच?" मला मात्र तिथून हलवेना. १८७३ ते १८७७ ह्या वर्षांत ह्या मुलखावर टोळधाडी आल्या. हातातोंडाशी आलेला गहू गेला आणि पा मजुरीसाठी पायी पूर्वेकडे निघून गेला. मागे मा आणि तीन लेकी. गंमत अशी, की ज्या टोळांनी एवढी दाणादाण केली ती जातच पुढे नाहीशी झाली. १९०२ नंतर तो टोळ जिवंत कोणी पाहिलेला नाही.

आणि इथंच १ नोव्हेंबर १८७५ ला माला मुलगा झाला, फ्रेडी. नऊ महिन्यांचा होऊन तो १८७६ च्या ऑगस्टमध्ये गेला, तेव्हा बिऱ्हाड पुन्हा वाटेवरच होतं. पुस्तकांत ह्या मुलाचं नावसुद्धा नाही. त्याच्या मागचापुढचा आयोवाचा सगळा काळच लॉरानं गाळला आहे. १९३० साली तिनं मोठ्यांसाठी लिहून ठेवलेली आठवण २०१४ मध्ये छापली गेली, तिच्यात तो भेटतो. मुलांच्या पुस्तकात कशाला मरणाचं, असं तिला वाटलं असेल. पण मी त्या खळग्याशी उभी होते तेव्हा मला मूल मांडीवर घेऊन बसलेली माच दिसत होती.

तिथून पुढे दोनेक तासांवर, साउथ डकोटात, डी स्मेट. लोकवस्ती हजार-अकराशे. आपल्याकडच्या आठवड्याच्या बाजारालाही ह्याहून गर्दी असते. सर्वेअरांचं ते घर अजून जपलंय, जे पुस्तकात लॉराला केवढं तरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासारखं. बिळातून आलेल्या मुलीला ते वाडा वाटणारच!

ह्याच गावात १८८०-८१ चा तो हिवाळा झाला. ऑक्टोबरातच पहिलं हिमवादळ आलं. जानेवारीत आगगाड्या बंद पडल्या त्या मेपर्यंत. कोळसा संपला, रॉकेल संपलं, पीठ संपलं. ह्या हिवाळ्याचं पुस्तक मी किती वेळा वाचलं असेन, आणि दर वेळी स्वयंपाकघराकडेच लक्ष जातं. वाळलेलं गवत पिळून त्याच्या कांड्या करायच्या आणि चुलीत घालायच्या. बियाण्याचा गहू कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात दळायचा, पाळीपाळीनं, दिवसभर. जात्यावर बसलेल्या बाईलाच कळेल, कॉफीच्या यंत्रातून सहा माणसांची भाकर काढायची म्हणजे काय ते. आणि दिवा? मानं एक बटण घेतलं, चिंधीत बांधलं, चिंधीचं टोक वर पिळलं आणि गाडीच्या आसाचं वंगण घातलेल्या बशीत ठेवून पेटवलं. अहो, ही तर आपली फुलवात! मी भाचीला रुमालाची गाठ मारून दाखवली तेव्हा तिला आधी खरं वाटेना.

गावाबाहेर इंगल्सांची सरकारी जमीन आहे. १८६२ च्या कायद्यानं एकशेसाठ एकर मिळायची, अट पाच वर्षं राहून कसण्याची. पानं तिथं कॉटनवुडची पाच रोपं लावली, एक मासाठी आणि एकेक चार मुलींसाठी. त्यांतली काही अजून उभी आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा कापूस उडत होता, आपल्याकडे म्हाताऱ्या उडतात तसा. पाच झाडं मी दोनदा मोजून बघितली, मनातल्या मनात.

लॉरानं पंधराव्या वर्षी शिक्षिकेचा दाखला मिळवला आणि दूरच्या शाळेत दोन महिने नोकरी केली, महिना वीस डॉलर. पैसे हवे होते ते आंधळ्या मेरीच्या शिक्षणासाठी. जिच्या घरी ती उतरली त्या घरातली बाई एका रात्री हातात सुरी घेऊन नवऱ्यापुढे उभी राहते आणि म्हणते, मला माझ्या माहेरच्या मुलखात परत ने. पुस्तकात ती दुष्ट आहे. मला ती त्या वाऱ्यानं वेडी केलेली दिसते. माकडे धीर होता, हिच्याकडे नव्हता. माळ दोघींना सारखाच होता.

एक गोष्ट मात्र भाचीला सांगावीच लागली. ही जमीन रिकामी नव्हती. कॅन्ससमधलं घर ओसेज लोकांच्या हक्काच्या जमिनीवर बांधलेलं होतं. मिनेसोटातून डकोटा लोकांना १८६२ च्या लढाईनंतर हाकललं होतं. पुस्तकात मूळच्या लोकांबद्दल बरंच खटकणारं आहे. म्हणून तिथल्या ग्रंथपालांच्या संस्थेनं २०१८ मध्ये आपल्या पुरस्काराला असलेलं लॉराचं नाव काढलं. भाचीनं विचारलं, "मग वाचू नको का?" म्हटलं, वाच, पण ओसेज बायकांनी चुली कुठं हलवल्या, तेही विचारत जा.

डी स्मेटला आल्यावर मा पुढे कुठंही गेली नाही. १८८७ मध्ये पानं गावात घर बांधलं. तो १९०२ साली गेला. ती त्याच घरात १९२४ पर्यंत राहिली. दोघं गावच्या दफनभूमीत आहेत, मेरी, कॅरी, ग्रेसही. जवळच एक लहानसा दगड आहे, त्यावर नाव नाही. लॉराचा मुलगा, १८८९ मध्ये बारशाआधीच गेलेला. त्याच्याबद्दलही तिनं हयातीत छापलेल्या पुस्तकांत अक्षर नाही. मायलेकींची चाल एकच. नणंद तिथं बराच वेळ गप्प उभी होती, आणि मग स्वतःहूनच म्हणाली, थोडी फुलं आणायला हवी होती.

मैत्रिणींनो, कुणाचं भावंड किंवा लेक त्या बाजूला असेल तर जरूर जा. डोक्याला घट्ट रुमाल बांधा, डबा बरोबर न्या, कारण शाकाहारी जेवणाची तिथं पंचाईतच. आणि जाण्याआधी मुलीकडून 'द लाँग विंटर' वाचून घ्या. परतीच्या वाटेवर आमची भाची बटणाच्या दिव्याला साजूक तूप चालेल का, म्हणून विचारत होती.