सगळ्यांना ऐकू जाईल असा

आमच्या पिढीत कुणालाही स्वतःचा असा आवाज नव्हता. गळे होते, आणि जयपूरच्या बनीपार्कातल्या त्या घरात सगळ्या चुलत-आते भावंडांचे गळे दिवसभर चालूच असत. पण ऐकायचा आवाज घराला एकच, बैठकीतल्या मर्फी रेडिओचा. आजोबा, म्हणजे नाना, महालेखापालांच्या कचेरीत, आजी ग्वाल्हेरची, आम्ही शाळेत हिंदी आणि गल्लीत ढूंढाडी बोलणारे. मराठी उरली होती ती स्वयंपाकघरात, आणि रात्री हवा चांगली असली तर रेडिओवर. एप्रिल १९५५मध्ये जयपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, आणि त्याच महिन्यात पुणे केंद्रावरून गीतरामायण. आजीच्या हिशेबी हे दोन्ही एकाच शुभवार्तेचे भाग होते. ‘पुण्याचं इथे कसं लागेल?’ असं नानांनी विचारलं, तरी रेडिओ घ्यावाच लागला. पुणे जवळजवळ कधीच लागलं नाही. रेडिओ मात्र राहिला.

तो लावणं हे मोठ्यांचं काम. खटका दाबला की डायलमागचा पिवळा दिवा लागायचा आणि पुढे अर्धं मिनिट काहीच नाही. ‘व्हॉल्व्ह तापू दे,’ नाना म्हणायचे. मग घरघर, मग शीळ, आणि स्टेशन नीट लागलं की हिरव्या डोळ्याची फट मिटत यायची. दरवर्षी पोस्टात लायसन्सचे पैसे भरून पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. मे महिन्यात आंधी आली की गच्चीवरची जाळीची एरिअल आधी खाली यायची आणि मग वाळत घातलेले पापड. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की डायलचा दिवा मंदावायचा आणि गाणाऱ्या बाई एकदम थकल्यासारख्या वाटायच्या.

एकच रेडिओ म्हणजे भांडणं ठरलेली. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला, हे मुलांचं. बातम्या नानांच्या. दुपारचं विविधभारती आत्याचं, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून झाल्यावर. पण वेळ कुणाचीही असो, ऐकायचं सगळ्यांनीच. आत्याची गाणी आम्हाला आवडत नव्हती, तरी आजही अर्ध्या झोपेत ती तोंडपाठ म्हणता येतात.

गिटारही आमच्या घरात त्याच रेडिओतून आली. अण्णाकाका हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी घेऊन, तारांवर पोलादी कांडी सरकवत. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत ती फार होती, आणि तिच्यावर बहुधा सिनेमाचीच गाणी वाजायची. शास्त्रीय संगीत त्या वाद्यावर नेलं जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार एकत्र आली, तेव्हा काकांची मान घरात एकदम उंच झाली.

काकांच्या गिटारीला पिकअप होता, अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. तो आमच्या माहितीत असायचा फक्त मंडपवाल्याकडे, कर्ण्यासकट. पण त्या काळच्या रेडिओंना मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची सोय असे. चांदपोलच्या मिस्त्रींनी तिथे वायर जोडून दिली आणि काका मर्फीतून वाजू लागले. नाद गोड, जरासा गोलसर. काका रंगात येऊन आवाजाचं बटण पूर्ण फिरवायचे, तेव्हा सुराच्या कडा खरखरू लागायच्या आणि आतून नाना ओरडायचे, ‘आवाज फाटतोय, कमी कर!’

हे सगळं आत्ता निघालं ते दादाच्या नातीमुळे. तिला सोळावं लागतंय आणि ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते. सगळ्या भावंडांनी वर्गणी काढून अ‍ॅम्प घ्यायचा ठरलं. तिला विचारलं तर म्हणाली, ‘ट्यूबचा मिळाला तर बघा.’ ट्यूब म्हणजे आपला व्हॉल्व्हच, हे कळल्यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. नानांना जो फाटका आवाज खपत नव्हता, त्याच्यासाठी आता जास्तीचे पैसे मोजायचे! व्हॉल्व्ह त्याच्या ताकदीबाहेर ताणला की सुराचे माथे एकदम कापले जात नाहीत, हळूहळू दबत जातात. त्यातून जे नवे स्वर मिसळतात, त्यावर ब्लूज आणि रॉकचं निम्मं वादन उभं आहे. बीटल्सच्या मागे असायचे त्या व्हॉक्स एसी-३० अ‍ॅम्पमध्ये ईएल-८४ जातीचे चार व्हॉल्व्ह असत. ही जात फिलिप्सची, आणि कितीतरी घरगुती रेडिओंमध्ये हाच व्हॉल्व्ह शेवटी स्पीकर हलवायचा.

बँकेतून निवृत्त झालेल्या नंदूचं मत वेगळं पडलं. त्याने डिजिटल अ‍ॅम्प सुचवला. त्यात डझनावारी अ‍ॅम्पच्या नकला असतात, किंमत कमी, वजन कमी, आणि मुख्य म्हणजे हेडफोन लावता येतो. शेजारी शांत, घर शांत. यातलं काही खोटं नव्हतं. त्यावर ताईने लिहिलं, ‘म्हणजे पोरगी काय वाजवते ते तिच्या आजीला कधी कळायचंच नाही.’

नंदू गप्प बसला, कारण दादाच्या मालवीयनगरातल्या फ्लॅटमध्ये सध्या तेच चाललंय. चार माणसं, चार इयरफोन. कुणाला कुणाचा त्रास नाही. दादा म्हणतो, नात कुठली गाणी ऐकते ते मला तिच्या मैत्रिणींकडून कळतं.

मग व्हॉल्व्हचाच घ्यायचं ठरलं. प्रश्न उरला केवढा. पन्नास वॉटचा घेतला तर फ्लॅटमध्ये त्याला कधी ताणताच यायचं नाही, आणि तसा तो न ताणता वाजवण्यात मजा नाही. शिवाय कानाचा हिशेब वेगळा असतो: वॉट दहापट झाले तरी आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे पाच वॉटचा अ‍ॅम्प पन्नासवाल्याच्या निम्मा मोठा, आणि खोलीला तेवढं पुष्कळ. शेवटी एकच ईएल-८४ असलेला, चार वॉटचा व्हॉक्स एसी-४ नक्की झाला. न्यू जर्सीच्या भाच्याने तिकडून आणतो म्हटलं, पण तिथली यंत्रं १२० व्होल्टची, आपली वीज २३०. इथलाच घेतला, आणि मालवीयनगरच्या संध्याकाळची वीज माहीत असल्याने सोबत स्टॅबिलायझर.

सूचनांची चिठ्ठी ताईने मराठीत लिहिली. स्पीकर जोडल्याशिवाय सुरू करू नकोस, आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. मागचं झाकण कधी उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट दबा धरून असतात. तापायला वेळ दे. आमच्या लहानपणी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे व्हॉल्व्ह बनत. आता स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमधून येतात, तेव्हा एक जोडीला ठेव. आणि वाजवताना खोलीचं दार उघडं.

ही दाराची अट पोरीला जुनाट वाटू नये, जुनं तेही मुद्दाम निवडतात हे पटावं म्हणून नंदूने, आता पूर्ण फितूर झाल्यावर, तिला एक गोष्ट पाठवली. जयपूरच्याच विश्वमोहन भट्टांनी मोहनवीणेवर, म्हणजे बदललेल्या गिटारीवर, अमेरिकेच्या राय कूडरबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ केलं, १९९४चं ग्रॅमी मिळवलं. ते ध्वनिमुद्रण मुद्दाम, डिजिटल युगात, व्हॉल्व्हच्याच यंत्रणेवर झालं होतं. तिने उत्तर दिलं, ‘ऐकलंय. कितीदा. तुम्ही कधी विचारलंत?’

अ‍ॅम्प आला आहे. वाजवायची वेळ ठरवायला म्हणून दादाने सगळ्यांना विचारलं. सात ते आठ म्हटलं तर वहिनींची मालिका, आठनंतर दादाच्या बातम्या, आणि सकाळी तिची आई ऑफिसची मीटिंग घरून करते. वाद पेटला आहे. पोरगीही त्यात उतरली आहे, आणि नानांच्या नातवंडांपेक्षा तिचा आवाज मोठा आहे.